दर ऑक्टोबरला नडगी दुखते? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लक्षणं

नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. घोट्याच्या चार बोटं वरून सुरू होऊन पोटरीच्या मध्यापर्यंत, हाडाच्या काठाकाठाने. पळायला सुरुवात केली की पहिले एक-दोन किलोमीटर त्रास होतो, अंग तापलं की दुखणं मागे पडतं, आणि घरी येऊन अंघोळ करून खुर्चीत टेकलं की ठसठस सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं जड पडतात. अंगठ्याने त्या कडेवर दाबत गेलं तर एक लांबट पट्टा हुळहुळा लागतो. सूज असलीच तर किरकोळ. बहुतेकांना दोन्ही पायांत असतं, एकात जरा जास्त.

याचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. जून-जुलैत काही नाही. गणपतीनंतर कुरकुर. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ऐन भरात. मग माणूस वैतागून दोन आठवडे पळणं बंद करतो, दुखणं जातं, तो जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू करतो आणि तिसऱ्या-चौथ्या रनला पहिले पाढे पंचावन्न. "ताई, परत सुरू झालं," हे वाक्य मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर इतक्यांदा ऐकलंय की समोरचा मोजा खाली करेपर्यंत मी खिशातून पेन काढलेलं असतं. पेन कशाला, ते पुढे येतंच.

पळणारे याला शिन स्प्लिंट म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर मीडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम असं लिहिलेलं असतं. हाडावर आणि त्याला लगटून असलेल्या आवरणावर पुन्हा पुन्हा ताण पडून हे होतं. मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. सकाळच्या ग्रुपला बरीच वर्षं पळवते आणि हे एकच दुखणं इतक्या पायांत पाहिलंय की तपासणीचा क्रम हळूहळू बसत गेला. बहुतेक जण तो उलटा लावतात. आधी महागडे बूट, मग एमआरआय, आणि पळण्याची वही कुणी उघडतच नाही.

टाचेखाली, गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा मागे पोटरीच्या मांसात दुखत असेल तर ते दुखणं वेगळं. त्याला पुढचं काही लागू नाही.

१. अंगठा आणि बॉलपेन

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर टाका. घोट्यापासून वर, हाडाच्या आतल्या कडेने, अंगठा एकेक बोट सरकवत दाबत जा. दुखायला लागेल तिथे बॉलपेनने आडवी रेघ मारा. दुखायचं थांबेल तिथे दुसरी. आता दोन रेघांमधलं अंतर मोजा.

पाच सेंटिमीटर किंवा जास्त, म्हणजे साधारण तीन बोटं किंवा त्याहून अधिक अंतर असेल आणि त्या पट्ट्यात सगळीकडे सारखंच बोथट दुखत असेल, तर हे बहुधा आपलं नेहमीचंच. पुढे वाचा. पण दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या, बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर कळ मस्तकात गेली, तर हाडाला बारीक चीर पडल्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची. रात्री झोपेत ठणका लागत असेल किंवा नुसतं चालतानाही दुखत असेल तरी तेच. पळणं त्या दिवसापासून बंद आणि मधलं सगळं सोडून शेवटच्या भागाकडे जा.

एका पायावर उड्या मारून बघ, असं सांगणारा एक तरी जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. डॉक्टर किंवा फिजिओ समोर बसून ही तपासणी करून घेतात, ती गोष्ट वेगळी. कट्ट्यावर करू नका. चीर असेल तर ती वाढवायला एवढं पुरतं.

रेघांचा फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा मारा. पट्टा आखडला आणि दुखणंही उतरलं तर बरं चाललंय. पट्टा आखडला पण दुखणं एका जागी गोळा होऊन जास्त टोकदार झालं, तर ते बरं चिन्ह नाही.

२. वही, किंवा घड्याळाचं ॲप

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त दुखणी इथेच सापडतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबते.

गेल्या दहा आठवड्यांचे किलोमीटर एका कागदावर लिहून काढा, दर आठवड्याची बेरीज एका ओळीत. ॲपमधला रंगीत आलेख बघून समाधान मानू नका. हाताने लिहिलं की आकडे डोळ्यांत भरतात.

"मी बारा महिने पळतो" म्हणणाऱ्या मुंबईकराचा कागद साधारण असा दिसतो. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी आठवड्याला २५-३० किलोमीटर होतात. जूनमध्ये पाऊस लागतो. जुलैत पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, हिंदमाताला पाणी, बूट चार-चार दिवस वाळत नाहीत. मग जिममधल्या ट्रेडमिलवर दोनदा तीन-तीन किलोमीटर, रविवारी उघडीप मिळाली तर सहा. बेरीज १२. ऑगस्टही तसाच. मग गणपती जातात, पाऊस ओसरतो, ग्रुपवर कुणीतरी टाकतं की मुंबई मॅरेथॉनला सोळा आठवडे राहिले. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे हिशोब बरोबरच असतो. आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ३० चा होतो, ऑक्टोबरचा पहिला ३८ चा.

बारा महिने पळणं झालं हे खरं, पण बारा वरून अडतीसवर उडीही झाली.

फसायला होतं ते दमामुळे. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत रुळावर येतात, त्यामुळे दहा किलोमीटर सहज झाल्यासारखे वाटतात. हाडाचं गणित सावकाश चालतं. नवा भार आला की हाड आधी आपला जुना भाग थोडा पोखरून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त भक्कम हाड भरतं. पोखरणं लवकर उरकतं, भरायला वेळ लागतो. एक फेरा पुरा व्हायला तीनेक महिने जातात. म्हणजे किलोमीटर वाढवल्यावर काही आठवड्यांनी, तुम्हाला सगळ्यात जास्त हुरूप असतो नेमकं तेव्हा, नडगीची अवस्था खणून ठेवलेल्या आणि काँक्रीट अजून न पडलेल्या रस्त्यासारखी असते. त्यावरूनच तुम्ही रविवारचा लाँग रन नेता.

दोन आठवड्यांची पूर्ण विश्रांती का पुरत नाही तेही यातच आलं. दुखणं शांत होतं, पण भरायचं काम अर्धवटच असतं. आणि विश्रांतीनंतर पुन्हा ३८ वर उडी मारली तर ती पहिल्या उडीपेक्षा मोठी ठरते.

करायचं असं. दुखणं नव्हतं त्या शेवटच्या आठवड्याच्या आकड्यावर परत या. तो आठवत नसेल तर सध्याच्या निम्म्यावर या. एकाआड एक दिवस पळा, लागोपाठ दोन दिवस नाही. दहापैकी दोन-तीन इतपत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेलं, तर चालेल. पळताना वाढत गेलं किंवा सकाळी उरलं, तर आणखी कमी करा.

वाढवायचं कसं? आठवड्याला दहा टक्के हा नियम सगळ्यांना पाठ आहे. १२ वरून दहा टक्क्यांनी चढत ३० ला पोचायला जवळजवळ दहा आठवडे लागतात, त्यामुळे तो कुणी पाळत नाही. इतकं काटेकोर असायची गरजही नाही. मी ग्रुपला दोन आठवडे एकाच आकड्यावर ठेवते, मग चार-पाच किलोमीटर वाढवते, आणि दर चौथ्या आठवड्याला पाव हिस्सा कापते. कापलेला आठवडा लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो आणि सगळ्यात जास्त कुरबुर त्याच आठवड्यात ऐकावी लागते. ऐकते आणि सोडून देते.

आणखी एक. रविवारचा एकच लाँग रन हा आठवड्याच्या बेरजेच्या निम्म्याहून मोठा असेल तर बेरीज छोटी असूनही नडगी दुखू शकते. ऑफिस, लोकल, घर यांत सोमवार ते शनिवार निघून जातात आणि रविवारी अठरा. असं असेल तर आधी मधल्या वारी चार-चार किलोमीटरचे दोन रन बसवा, मग रविवार वाढवा.

वहीत न लिहिलेला भार

किलोमीटर नीट असतील आणि तरी दुखत असेल तर स्वतःला विचारा, या महिन्यात पायांनी आणखी काय काय केलं? नडगीला घड्याळ चालू होतं की बंद, याच्याशी देणंघेणं नसतं.

परळच्या एका मुलीने मला वही दाखवली. अगदी स्वच्छ. आठवड्याला कधी वीसच्या वर गेलेली नाही, वाढवलंय तेही जपून. रेघा मारल्या तर दोन्ही पायांत वीतभर पट्टा. मी विचारलं, "संध्याकाळी काय करतेस सध्या?" ती म्हणाली, "काही नाही गं ताई, नवरात्र चालू आहे ना." बोरिवलीला रोज तीन तास गरबा. अनवाणी, खाली सतरंजी आणि सतरंजीखाली सिमेंट, आणि टाळीच्या प्रत्येक ठेक्याला चवड्यावर उडी. सकाळच्या पाच किलोमीटरपेक्षा तिच्या नडगीवर रात्रीचा भार कितीतरी जास्त होता. तिला पळणं सोडायला सांगायची गरज नव्हती. त्या आठवड्यापुरतं सकाळचं पळणं बंद, गरबा चालू, दसऱ्यानंतर पुन्हा सकाळ. तिनेही वाद घातला नाही. गरबा सोड म्हटलं असतं तर घातला असता.

असंच ढोल पथकाचं. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास उभं राहायचं, सराव पावसाळ्यातच सुरू झालेला. सोमवारी रात्री निघून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत जाणारे आहेत. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाऊन येणारे तर भरपूर; त्यात यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा तोच उतरायचा असतो, आणि उतारावर प्रत्येक पावलाला नडगीला जास्त मार बसतो. मुंबईत परतून दुसऱ्याच रविवारी लाँग रन ठेवला की ऑक्टोबरची तयारी झालीच. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत घर बदलणं, दिवसभर उभं राहायची नवी नोकरी, हेही मोजा.

३. बोलता येतंय का

किलोमीटर तेच ठेवून वेग वाढवला तरी हाडावरचा भार वाढतो. पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यं बोलता यायला हवीत. "हो", "नाही", "बघू" एवढंच निघत असेल तर तो सोपा रन नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात जानेवारीचा वेग धरायला जाऊ नका. दुखणं आहे तोवर इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश असे आलटून पालटून तुकडे), टेम्पो (सलग जरा जोरातलं पळणं), पेडर रोडच्या चढाचा सराव, सगळं बंद. दुखणं गेल्यावरही आधी किलोमीटर पूर्ववत आणू द्या, वेग त्यानंतर. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवले की काय नडलं तेच कळत नाही.

ग्रुपचा एक तोटा इथे सांगायला हवा. किलोमीटरला सात मिनिटं घेणारा माणूस सहा मिनिटंवाल्यांच्या मागे धावतो आणि त्याला वाटतं आपण सोपा रन करतोय.

४. रस्ता आणि दिशा

शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. आठ फेऱ्या एकाच दिशेने मारल्या की प्रत्येक वळणाला तोच पाय आत राहतो. एकाच पायाची नडगी दुखत असेल तर हे पहिलं बघा. उपाय म्हणजे अर्ध्या फेऱ्या उलट्या मारायच्या. चालणारे आजोबा डोळे वटारतील, तेवढं सहन करा.

रस्त्याचंही तसंच. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. नेहमी एकाच कडेने पळालात तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो. सकाळी साडेपाचला वर्दळ कमी असते, तरीही मध्ये पळायला सांगणार नाही. मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी फेसचा सपाट पदपथ गाठा.

काँक्रीटला दोष देणं सोपं आहे. बूट घातलेल्या पायाला डांबर आणि काँक्रीट यांतला फरक लोक समजतात तेवढा मोठा पडत नाही. शरीर पाय कमी-जास्त ताठ ठेवून जुळवून घेतं. त्रास होतो तो अचानक बदलाने. तीन महिने ट्रेडमिल आणि चौथ्या महिन्यात थेट रस्ता, यात पृष्ठभाग बदलतो आणि भारही. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तेव्हा आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर उतरा, दोन किलोमीटर का होईनात.

वाळू मऊ म्हणून पायाला बरी, असं समजून जुहूला अनवाणी पळायला जाणारे दरवर्षी दोन-तीन भेटतात. भुसभुशीत वाळूत टाच रुतते, पोटरीला दुप्पट राबावं लागतं, शिवाय किनारा समुद्राकडे कललेला. दुखऱ्या नडगीला वाळू नको.

५. बूट

बूट पाचव्या क्रमांकावर, कारण इथे पैसे लागतात.

रनिंग शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात. वजन जास्त असेल तर आधी बसतात. मेमध्ये ४५० झालेले असतील, पावसाळ्यात चिखलपाण्यात वापरले असतील, तर ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नका. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसते का? मधल्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का? अंगठ्याने दाबला तर तो दबतो का, की लाकडासारखा लागतो? यातलं काही असेल तर नवे घ्या. तेच मॉडेल मिळालं तर उत्तम.

नवे घेताना ढंग बदलू नका. टाच आणि चवडा यांच्या उंचीत फरक कमी असलेले बूट पोटरीवर जास्त भार टाकतात. कार्बन प्लेटचे बूट रोज सोप्या रनला घालायची तर काहीच गरज नाही. दुकानात मशिनवर उभं करून "तुमचा पाय सपाट आहे, हे इनसोल घ्या" म्हणतात. सपाट पाय हे एक कारण असू शकतं आणि इनसोलने काहींना फरक पडतोही, पण वही न बघता इनसोल घेतलेले लोक मला पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा भेटतात.

पावसातले बूट वाळवायचं तंत्र: आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर डिंक सुटतो. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही नीट वाळतात आणि पायावरचा भारही रोज तोच राहत नाही.

६. पोटरीची ताकद

यात पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते, म्हणून इतक्या खाली.

जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभं राहा, भिंतीला नुसती बोटं टेकवा. टाच पूर्ण वर, मग सावकाश खाली. न झोके घेता, न अर्धवट सोडता किती होतात? पंचवीसच्या आसपास व्हायला हव्यात. दर रविवारी एकवीस किलोमीटर पळणाऱ्यांच्याही दहा-बारावर थांबतात, आणि दुखऱ्या पायाच्या आणखी कमी.

पळताना पाय जमिनीवर पडला की पोटरीतला खोल स्नायू, सोलियस, नडगीचं हाड वाकू नये म्हणून धरून ठेवतो. तो दमला की हाड एकटं पडतं. सरळ गुडघ्याने टाचा उचलल्या तर वरचा मोठा स्नायू जास्त काम करतो. गुडघा थोडा वाकवून उचलल्या तर सोलियस. दोन्ही करा. एकाआड एक दिवस, प्रत्येक पायाला पंधराचे तीन सेट. सोपं वाटायला लागलं की पाठीला सॅक लावून त्यात पाच किलो तांदळाची पिशवी ठेवा. करताना नडगीवर कळ आली तर दोन्ही पायांवर करा, वजन काढून टाका.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. यंदाच्या ऑक्टोबरला फार उपयोग नाही, पण पावसाळ्यात घरी बसून करायला याच्याइतकं चांगलं काम नाही. जूनमध्ये सुरू करा. माझ्या ग्रुपमध्ये हे दुखणं दोन-तीन वर्षांनी कायमचं सुटलं ते याने आणि जुलैतले किलोमीटर मेच्या दोन तृतीयांशाखाली न जाऊ दिल्याने.

७. पावलांची लय

पाय शरीराच्या फार पुढे टाकून पळणाऱ्याला प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडला ते मोजा आणि चाराने गुणा. आकडा १५० ते १६० असेल तर तो पाच टक्क्यांनी वाढवून बघा, वेग तोच ठेवून. पावलं आपोआप छोटी पडतात, पाय शरीराच्या खाली येतो. १८० हा आकडा सगळ्यांनी गाठायचा अशी काही सक्ती नाही. उंच माणसाचा कमी असणारच. एकदम बदललं तर पोटरी धरते. आधी दर किलोमीटरमधला एक मिनिट, मग वाढवत जा. हे शिकायला वेळ लागतो आणि एकट्याने करताना चुकतं, म्हणून कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा.

८. ताट, झोप, रक्त तपासणी

दिवाळीआधी वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडून पहाटे रिकाम्या पोटी पंधरा किलोमीटर पळणारे असतात. हाड भरायला खाणं लागतं. खर्चाच्या मानाने पुरेसं न खाता व्यायाम करत राहिल्याने हाडं, हार्मोन, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन डॉक्टरांचं लक्ष वेधलं. पुरुषांनाही होतं. बायकांच्या बाबतीत खूण स्पष्ट असते: पाळी लांबली किंवा बंद झाली. "पळण्यामुळे होतं, चालायचंच," असं म्हणून सोडू नका. नडगीचं दुखणं आणि चुकणारी पाळी एकत्र असेल तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

मुंबईत ऊन भरपूर, तरी पहाटे अंधारात पळून दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांचं ड जीवनसत्त्व कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. रक्त तपासणी करून घ्या. केमिस्टकडून ६०,००० युनिटची पुडी आणून मनाने दर आठवड्याला घेत राहू नका; जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. किती आणि किती दिवस, हे रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील.

ज्यावर फार भिस्त ठेवू नये

बर्फाने तात्पुरतं बरं वाटतं, लावा. पोटरीवर ओढायच्या टाइट बाह्या, रंगीत टेप: घालायच्या तर घाला, हाड त्याने भरत नाही. फोम रोलर पोटरीच्या मांसावर फिरवा, दुखऱ्या हाडावर नाही. आणि पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन निघू नका. एक तर दुखणं सांगत असतं ते ऐकू येत नाही, दुसरं म्हणजे घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

आता थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पुढचं काहीही असेल तर घरचे उपाय बंद. बोटाच्या टोकाएवढ्या जागी टोकदार दुखणं. रात्री किंवा बसल्या जागी ठणका. लंगडत चालणं. नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर, मधोमध दुखणं. तिथली चीर सावकाश भरते आणि पुरती तुटायचा धोका असतो, म्हणून तिला डॉक्टर वेगळ्या गांभीर्याने घेतात. आणि काहीच गंभीर दिसत नसलं तरी, किलोमीटर निम्मे करून तीन-चार आठवडे झाले आणि तसूभर फरक नाही, तर तेही.

ठरावीक वेळ पळालं की पाय गच्च होतो, पाऊल बधिर पडतं किंवा उचलत नाही, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं मोकळं होतं, तर हे दुखणं वेगळं. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढल्याने असं होतं. त्यावर टाचा उचलून भागत नाही. थांबल्यावरही मोकळं झालं नाही, पाय घट्ट, असह्य दुखणारा राहिला, तर त्याच तासाला हॉस्पिटल. एकच पोटरी अचानक सुजली, लाल, गरम झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही सकाळची वाट बघायची नाही. सोबत दम लागत असेल तर मुळीच नाही.

हाडाची शंका असेल तर ऑर्थोपेडिक, शक्यतो खेळाडूंच्या दुखापती बघणारे. चीर नसल्याची खात्री झाली की फिजिओ. जाताना दहा आठवड्यांचा कागद, रेघांचे फोटो आणि वापरातले बूट घेऊन जा. धुऊन नेऊ नका, झीज बघायची असते. एक्स-रे काढतील. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बारीक चीर एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" हे ऐकून दुसऱ्या दिवशी पळायला येऊ नका. दुखणं तसंच असेल तर एमआरआयबद्दल विचारा. चीर लवकर पकडायची तर तीच तपासणी भरवशाची.

चीर निघाली तर जानेवारीची शर्यत सोडायची. फी भरलेली असते, बिब (छातीवर लावायचा नंबर) येतो, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं असतं, म्हणून लोक अर्धं अंतर चालू, अर्धं पळू असा तोडगा काढतात. तो काढू नका. नडगीची साधी चीर भरून पुन्हा हळूहळू पळायला लागेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, पुढच्या धारेवरची असेल तर त्याहून जास्त. तोवर दम टिकवायचा असेल तर डॉक्टरांना विचारून पाण्यात पळता येतं: खोल पाण्यात, कमरेला तरंगायचा पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता. दादरला महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, उपनगरांतही आहेत. पट्टा वापरू देतात का आणि कोणत्या बॅचला, हे मात्र फॉर्म भरायच्या आधी खिडकीवर विचारून घ्या.